दिवाळीच्या भेटी घरीच करतेय: कटिंग मशीन आहे, पण नावं मोडतायत!

अवंती_ठाणे | ९ सप्टेंबर, रात्री ११:४०

गणपती गेले, आता डोळ्यांसमोर दिवाळी. दर वर्षी आम्ही तोच खिडकीवाला सुकामेव्याचा डबा आणतो आणि तो फिरत फिरत कुठेतरी जातो. गेल्या पाडव्याला दिलेला डबा भाऊबीजेला नणंदेच्या जावेकडून आमच्याच घरी परत आला. तळाला मी पेनाने खोडलेली किंमत तशीच होती. त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या वर्षी ज्याच्यावर नाव आहे असंच काहीतरी द्यायचं. नाव असलं की पुढे ढकलता येत नाही!

सोसायटीतली एक मैत्रीण बदली होऊन चालली होती, तिच्याकडून कटिंग मशीन घेतलं. साडेबारा हजारांना पडलं. दिसायला प्रिंटरसारखंच, पण शाईऐवजी छोटं पातं. बारा इंच रुंदीपर्यंत कापतं. सोबत कापायचा कागद धरून ठेवणाऱ्या दोन चिकट मॅट (एकीचा चिकटपणा संपलेला) आणि व्हिनाइलचे, म्हणजे कापून चिकटवायच्या पातळ प्लास्टिकचे, उरलेसुरले रोल.

बेत असा: २६ घरांना चिवड्याची काचेची बरणी, प्रत्येकीवर त्या घरातल्या माणसाचं नाव. भाचे-पुतणे मिळून पाच टी-शर्ट. सासरी-माहेरी एकेक आकाशकंदील. आणि सासूबाईंना दारावरची पाटी, 'गोऱ्हे' अशी.

आता अडचण. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीत नाव टाकलं की 'विनिता'चा पहिला इकार व सोडून पुढे जाऊन बसतो. 'कीर्ती'तला रफार सुटून र आणि त वेगळे होतात, मध्ये पाय मोडलेलं चिन्ह दिसतं. 'गोऱ्हे'चं तर काय झालं ते इथे लिहीत नाही, सासूबाई हे संस्थळ वाचतात. इंग्रजीत नावं टाकायची नाहीयेत. कोणी केलंय का हे?

मेथीची_जुडी | १० सप्टेंबर, सकाळी ७:१५

काही माहिती नाही, पण धागा वर काढते. आणि तो परत आलेला डबा शेवटी खाल्लात का?

अवंती_ठाणे | १० सप्टेंबर, सकाळी ७:५०

बदाम चांगले होते. मनुके नाही.

खटपट्या | १० सप्टेंबर, सकाळी १०:०५

अवंतीताई, यात तुमची चूक नाही. संगणक 'वि' साठवतो तेव्हा आधी व, मग इकार असाच साठवतो. दाखवताना इकार उचलून व-च्या आधी ठेवणं, र्त-चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, हे काम सॉफ्टवेअरमधला वेगळा भाग करतो. तो भाग जिथे नाही किंवा अर्धवट आहे, तिथे अक्षरं अशी विखुरतात. फाँट बदलून काही होणार नाही. तीन दिवस फाँट बदलत बसलेला माणूस सांगतोय.

उपाय असा की मशीनच्या सॉफ्टवेअरला मजकूर द्यायचाच नाही, आकार द्यायचा. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यात मराठी नीट उमटतं. नाव लिहा, फाँट लावा, मग 'पाथ' मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ'. आता ती अक्षरं राहिली नाहीत, चित्र झालं. ग्रुप सोडवा आणि सगळं निवडून 'युनियन' करा. हे विसरू नका! शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. युनियन केलं नाही तर मशीन त्या प्रत्येक जोडावर आडवंउभं कापतं आणि नावाचे तुकडे हातात येतात. शेवटी 'प्लेन एसव्हीजी' प्रकारची फाइल म्हणून साठवा आणि मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवा.

चढवल्यावर माप आधी बघा. इंकस्केप इंचाला ९६ ठिपके धरतं, काही सॉफ्टवेअर ७२ धरतात. त्या घोळात नाव पाऊणपट किंवा एक पूर्णांक एक तृतीयांश पट होऊन येतं. मी एकदा नीट न बघता दहा पाट्या कापल्या, सगळ्या चौकटीपेक्षा मोठ्या.

तुमचं मशीन सिल्हूट कॅमिओ असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीत एसव्हीजी उघडत नाही, डीएक्सएफ म्हणून साठवून न्या. क्रिकट असेल तर एसव्हीजी चालतं.

'गोऱ्हे'साठी: साधा र आणि हलंत टाकलात तर रफारच येणार. नुक्तावाला ऱ घ्या, मग हलंत, मग ह. तो आडवा, पापणीसारखा र बरोबर येतो.

अवंती_ठाणे | १० सप्टेंबर, रात्री १०:३०

खटपट्या, तुम्हाला चिवडा पक्का! 'विनिता' अगदी नीट आलं. 'गोऱ्हे' पण आलं, मी जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या, नवरा घाबरला. युनियन एकदा विसरलेच. 'सुहास'चे पाच तुकडे झाले. त्यांच्या नशिबी दुसरी बरणी.

व्हिनाइल नवीन आणायला सासूबाई नको म्हणतायत, पितृपक्ष आहे. व्हिनाइल हे 'नवीन खरेदी'त येतं का यावर घरात चर्चा चालू आहे. तोपर्यंत जुन्या रोलवर सराव.

जर्सीची_सून | ११ सप्टेंबर, रात्री २:२० (तुमची वेळ)

इथे अमेरिकेत आमच्या मंडळातल्या अर्ध्या बायकांकडे हे मशीन आहे, आणि ज्यांच्याकडे नाही त्या सार्वजनिक ग्रंथालयात जातात. बऱ्याच ग्रंथालयांत मेकरस्पेस असते, तिथे वेळ घेऊन मशीन वापरता येतं, आपला कागद न्यायचा. मी दोन वर्षं तसंच केलं, मग घेतलं. डिसेंबरात मुलांच्या शिक्षकांना भेटी द्यायची पद्धत आहे, त्यासाठी पहिल्यांदा शिकले. मग दिवाळी, मग संक्रांतीचं वाण. आता तर कोणाचं बारसं आलं की फोन मलाच.

माझ्या अमेरिकन शेजारणीला इंग्रजी नाव कागदातून कापायचं तर वळणदार फाँट शोधावा लागतो आणि प्रत्येक अक्षर पुढच्याला चिकटवावं लागतं, नाहीतर सगळी अक्षरं सुटी. आपलं नाव शिरोरेखेने आपोआप धरलेलं असतं! 'मृणाल' कापलं, मॅटवरून उचललं, तोरणासारखं एका दोऱ्यात लटकवलं. तिने विचारलं, वर ही दांडी मुद्दाम काढलीस का? म्हटलं, आमच्याकडे फुकट येते.

गेल्या वर्षी आमच्या मराठी शाळेतल्या १४ मुलांना दिवाळीला दप्तराला लटकवायची नावं करून दिली. मोठ्यांना अक्षरं येतात, पण पहिल्या वर्गातला एक मुलगा 'ओंकार' हातात घेऊन सगळ्यांना विचारत फिरत होता, मी कुठून सुरू होतो?

पण 'ओंकार'चा अनुस्वार! शिरोरेखा सगळं धरते, टिंबाला धरत नाही. ते हवेत. कापल्यावर टिंब वेगळं पडतं. मी ते खाली ओढून मात्रेला टेकवलं. थोडं बुटकं दिसतं, पण टिकतं.

आबा_सातारकर | ११ सप्टेंबर, सकाळी ६:३०

मशीनमधलं मला कळत नाही. पण चौतीस वर्षं छापखान्यात खिळे (एकेका अक्षराचे धातूचे ठसे) जुळवले, त्यामुळे धागा वाचून हसू आलं. तुमचं दुखणं आमचंच आहे. मराठी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, इंग्रजीच्या कितीतरी पट घरं असायची, कारण काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. वरच्या चिन्हाचा भाग खिळ्याच्या बाहेर लोंबता असायचा, शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसावा म्हणून. तोच भाग आधी तुटायचा. प्रुफात 'मंदिर'चं 'मदिर' आलं की मुद्रितशोधक आमच्यावर डाफरायचे, पण आमचा दोष नसायचा, टिंबच झडलेलं असायचं.

जावजी दादाजींनी त्यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी जे टाइप पाडून घेतले त्यांचं कौतुक आम्ही शिकाऊ असताना ऐकायचो. पोटं मोकळी, वळण डौलदार. तसं वळण तुमच्या मशीनला झेपतं का?

खटपट्या | ११ सप्टेंबर, सकाळी ९:४५

आबा, तुम्ही लिहिलंत ते वाचून धाग्याचं सोनं झालं. वळण झेपतं, पण मोठ्या मापात. लहान मापात बारीक रेषा पात्याबरोबर उचलली जाते.

म्हणून फाँटबद्दल. गुगल फाँट्सवर फुकट मिळणाऱ्यांपैकी कापायला सगळ्यात सोपे म्हणजे मोदक आणि बलू. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप'चे. मोदक नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे, टिंबसुद्धा लाडवाएवढं, म्हणून पोरांच्या टी-शर्टना उत्तम. मोठ्यांच्या बरण्यांना मुक्ताचा जाड प्रकार. लोकलवेडा पुतण्या असेल तर यात्रा वन बघा, मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसांसाठी. बऱ्याच फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. 'लीला' आणि 'शशिकला' अशी नावं असतील तर घरातली ज्येष्ठ मंडळी लगेच ओळखतात की काहीतरी वेगळं आहे, काय ते सांगता येत नाही. टिरो देवनागरीची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, त्यात ल आणि श आपले येतात. फक्त त्याच्या रेषा नाजूक आहेत. पाटीला वापरा, बरणीला नको. आबांना ती पाटी नक्की आवडेल.

कात्रीवाली | ११ सप्टेंबर, दुपारी १:१०

सगळं वाचलं. राग मानू नका, पण बटण दाबून मशीनने कापलं तर त्याला 'घरी केलेलं' कसं म्हणायचं? मथुरेकडचे सांझीचे कारागीर अजून कात्रीने कागद कापतात, डोळ्यांचं पारणं फिटतं. आमच्या आईने आयुष्यभर कंदील हाताने केले. काड्या तासण्यापासून.

अवंती_ठाणे | ११ सप्टेंबर, दुपारी ३:००

कात्रीवाली, राग नाही. मला कात्रीने गोल कापता येत नाही, शाळेपासून. आणि बटण दाबून होतं हे अर्धंच खरं. मशीन तीन मिनिटांत कापतं. त्यानंतर अक्षरांच्या आजूबाजूचं आणि पोटातलं नको असलेलं व्हिनाइल आकड्याने एकेक करून काढावं लागतं. त्याला वीडिंग म्हणतात. मी त्याला निवडणं म्हणते, कारण हुबेहूब मेथी निवडण्यासारखंच आहे: बसकण मारून, चष्मा लावून, टीव्हीवर काहीतरी चालू ठेवून. एका नावाला १५ मिनिटं. २६ नावं. करा हिशोब.

मेथीची_जुडी | ११ सप्टेंबर, दुपारी ३:०५

माझं नाव कोणी घेतलं? :)

कात्रीवाली | ११ सप्टेंबर, रात्री ९:२०

बरं, निवडण्याचं पटलं. कंदिलाचं नाही. कंदिलावर वाद घालायला परत येईन.

जर्सीची_सून | १२ सप्टेंबर, रात्री १:४०

व्हिनाइलबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून. चिकटणारं व्हिनाइल दोन प्रकारचं असतं, कायमचं आणि निघणारं. ओरॅकलचं ६५१ हे कायमचं, ६३१ निघणारं. बरणीला ६५१ घ्या. भिंतीला आणि भाड्याच्या घराला ६३१. बरणी आधी साबणाने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, तेलाचं एक बोट लागलं असेल तिथूनच कोपरा उचकटणार. लावल्यावर दोनतीन दिवस पाणी लावू नका, नंतरही हातानेच धुवा. आणि बरणीच्या बाहेरूनच लावायचं, आतून किंवा तोंडाच्या काठाला नाही. खाण्याला लागेल अशा ठिकाणासाठी ते बनवलेलं नसतं.

फुगीर बरण्या घेऊ नका! सरळ उभ्या बाजूची घ्या. गोलाकार पोटाच्या बरणीवर सरळ नाव लावलं की शिरोरेखेला सुरकुत्या पडतात. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, जरा सरकवून घेता येतात. आपली एकत्र बांधलेली, एक वाकडं गेलं की घराणंच वाकडं.

पणतीवाली_पेण | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६:००

माझा छोटा व्यवसाय आहे पणत्यांचा, म्हणून एक विनंती. पणत्यांवर व्हिनाइल लावू नका. कच्च्या भाजलेल्या मातीला भोकं असतात, चिकटत नाही, दोन दिवसांत सुटतं. आणि मुख्य म्हणजे ज्योतीजवळ प्लास्टिक. मागच्या वर्षी एका ताईंनी हट्टाने लावून घेतलं. पाडव्याच्या रात्री वास आला म्हणून फोन केला.

पणतीवर नाव हवंच असेल तर मशीनने छापा कापा. व्हिनाइल चिकटवा, मधली अक्षरं काढलेली असतील त्या जागी अॅक्रिलिक रंग स्पंजने टिपा, ओलसर असतानाच व्हिनाइल काढा. आणि नाव वातीच्या तोंडापासून लांब, मागच्या बाजूला.

खटपट्या | १४ सप्टेंबर, रात्री ८:३०

पणतीवालीताईंच्या छाप्यावरून आठवलं. छाप्यात भानगड उलटी होते. कापून लटकवायच्या नावात टिंब पडतं, छाप्यात टिंब हे नुसतं भोक, ते सुखरूप. पण प, ब, व, क यांची पोटं पडतात! कारण पोट म्हणजे चारी बाजूंनी कापलेला तुकडा. व्हिनाइलचा छापा असेल तर पोटं ट्रान्सफर टेपने (कापलेले तुकडे उचलून दुसरीकडे बसवायची चिकट पट्टी) उचलून जागच्या जागी बसतात. पण परत परत वापरायचा, रांगोळीचा वगैरे छापा असेल तर प्रत्येक पोटाला एक बारीक पूल ठेवावा लागतो.

असा छापा करायला जुनी एक्स-रे फिल्म झकास. मागच्या पिढीतली दर घरात एक पिशवी असते. ब्लीचच्या पाण्यात भिजवली की काळा थर सुटतो, खाली स्वच्छ, चिवट प्लास्टिक राहतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मशीनने दोन-तीन फेऱ्यांत कापली जाते.

मेथीची_जुडी | १४ सप्टेंबर, रात्री ८:४५

सासऱ्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे पाडव्याला दारात रांगोळी म्हणून. विचार करते.

नामा_स्टील | १६ सप्टेंबर, सकाळी ११:००

तुमच्या या नावांच्या गप्पा वाचून आमच्या भांड्यांच्या दुकानाची आठवण आली. तुम्ही नवीन शोध लावल्यासारखं बोलताय म्हणून लिहितो. लग्नाची भांडी घेतली की 'नाव घालून द्या' हे गिऱ्हाइकाचं शेवटचं वाक्य. वडील छोटं यंत्र घेऊन बसायचे, टिक-टिक-टिक करत टिंबांनी नाव उमटायचं. आधी देणाऱ्याचं, मग 'यांजकडून', मग तारीख. घागरीच्या गळ्यावर गोल लिहिताना हात हलला तर भांडं वाया. अजूनही घरोघरच्या माळ्यावर त्या तारखा निघतात. आणि अवंतीताई, नाव घातलेली भांडीसुद्धा पुढे ढकलली जातात. आम्ही नाव घासून द्यायचो. रोज एक तरी यायचं.

अवंती_ठाणे | १६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

हे वाचून मी अर्धा तास हसतेय. नाव घासून देणं! माझी सगळी योजनाच कोसळली.

कात्रीवाली | २४ सप्टेंबर, सकाळी १०:००

परत आले. कंदील. आमच्याकडचा पारंपरिक कंदील म्हणजे बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर घोटीव कागद, कडेला करंज्या, खाली झिरमिळ्या. गव्हाच्या पिठाची खळ. तो मशीन करूच शकत नाही. तुम्ही जे करताय तो कार्डशीटचा डबा आहे, त्याला नक्षीची भोकं आहेत. दिवा लावल्यावर भोकांतून उजेड येतो, कागदातून येत नाही.

खटपट्या | २४ सप्टेंबर, सकाळी ११:३०

अगदी बरोबर निरीक्षण. म्हणूनच मी यंदा दोन्ही एकत्र करतोय. बाहेरची जाळी २५० जीएसएमच्या, म्हणजे जाड, कार्डशीटची, मशीनने कापलेली. आत घोटीव कागद, खळीने चिकटवलेला. नक्षीतून थेट दिवा डोळ्यांत येत नाही, कागद उजळतो. झिरमिळ्या सरळ पट्ट्याच आहेत, त्या मशीनवर कापण्यात मॅट फुकट जाते, त्या कात्रीनेच. करंज्याही कात्रीने. आत एलईडीच, साधा बल्ब तापतो.

ओल्या हवेत कार्डशीट नरम पडतं आणि कापताना कडेला तंतू निघतात. कोकणातल्यांनी कागद आदल्या रात्री गादीखाली ठेवावा (खरंच). आणि कापून झाल्यावर मॅटवरून कागद ओढू नका, गुंडाळतो. मॅट पालथी घाला आणि मॅटच वाकवून कागदापासून सोडवा.

कात्रीवाली | २४ सप्टेंबर, सायंकाळी ५:००

करंज्या कात्रीने. ठीक आहे. फोटो टाका.

जर्सीची_सून | ३ ऑक्टोबर, रात्री ३:१५

टी-शर्ट करणाऱ्यांनो, इस्त्रीचं व्हिनाइल आरशातल्यासारखं उलटं कापायचं, विसरू नका. चकचकीत बाजू मॅटवर खाली. मी पहिल्यांदा विसरले आणि 'नील' उलटं छापलं. त्याने तोच घातला, म्हणाला आरशात वाचता येतं. तापमान रोलवर लिहिलेलं असतं, बहुतेकदा १५० अंश सेल्सियसच्या आसपास आणि दहापंधरा सेकंद. घरच्या इस्त्रीची वाफ बंद, फिरवायची नाही, नुसती दाबायची. गादीवर नको, कडक टेबलावर. एक दिवस थांबून धुवा, उलटा करून.

दोन_पोरांची_आई | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

कार्टूनच्या चित्रांचे टी-शर्ट करून सोसायटीत विकले तर चालेल का?

खटपट्या | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

विकायला नको. ती चित्रं कोणाच्या तरी मालकीची असतात. स्वतःची नावं, स्वतःची नक्षी विका. वर सांगितलेले फाँट मुक्त परवान्याचे आहेत, त्यांचा मजकूर विकायच्या वस्तूवर चालतो.

अवंती_ठाणे | १५ ऑक्टोबर, रात्री १२:५०

हुश्श. २६ पैकी २५ बरण्या तयार. पाच टी-शर्ट तयार (एक उलटा, जर्सीची_सून, तुमचं वाचूनसुद्धा). कंदील खटपट्या पद्धतीने, करंज्यांचं काम सासूबाईंनी घेतलं, त्या कात्रीवाली यांच्या बाजूच्या आहेत. त्यांची 'गोऱ्हे' पाटी आताच देऊन टाकली, राहवलं नाही. टिरोमध्ये केली, मोठी. त्यांनी चष्मा लावून ऱ्ह-वर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, बँकेने पासबुकावर एवढ्या वर्षांत एकदाही बरोबर लिहिलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ निवडण्यात गेला. 'ज्ञानेश्वरी'ला चाळीस मिनिटं लागली, तिला सांगणार आहे.

राहिली ती अनंतकाकांची बरणी. निवडताना अनुस्वार नको असलेल्या तुकड्याबरोबर उचलला गेला आणि गेला. जमिनीवर, सोफ्याखाली, कुठे नाही. बरणीवर 'अनत' आहे. काळं व्हिनाइल संपलंय, आता मागवलं तर लक्ष्मीपूजनाच्या आत येणार नाही.

आबा_सातारकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ५:५५

दुसऱ्या नावातलं टिंब काढून लावा. आम्ही तेच करायचो.

खटपट्या | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

उरलेल्या कचऱ्यातून एक गोल कापा, तीन मिलिमीटर पुरे. पुढच्या वेळी बारीक टिंबं असतील तर उलटं निवडा: आधी वरून ट्रान्सफर टेप लावा, मग पाठचा कागद सोलून काढा आणि पाठीमागून नको ते उचला. टिंब टेपला धरलेलं राहतं.

अवंती_ठाणे | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

सापडला. नवऱ्याच्या मोज्याला. दिवसभर ऑफिसात काकांचा अनुस्वार घेऊन फिरत होता. अल्कोहोलने पुसला, चिकटत नाहीये नीट, मोज्याची लव लागली आहे. आबांचं ऐकून 'मंगल' आत्याच्या सराव-प्रतीतला घेतलाय. जरा मोठा आहे. काका म्हणतील, मान वाढला.